बॅग हलत नव्हती

ठाण्यातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या भूलशास्त्र विभागात मी शिकवते. हे प्रकरण त्याच विभागातलं. त्यात एक मोठी चूक माझी आहे, ती पुढे येईलच. मुलाची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत.

मुलगा

जुलैचा दुसरा आठवडा. चार वर्षांचा मुलगा, वजन १३ किलो, उजव्या जांघेत हर्निया. आईवडील शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचे. भर आवणीत दोन दिवसांची मजुरी सोडून, आसनगावची लोकल धरून आदल्या दिवशी आले आणि वॉर्डात दाखल झाले. जूनमध्येही एकदा आले होते, पण तेव्हा ऑपरेशनांची लिस्ट भरली म्हणून परत पाठवलं होतं.

भुलेआधीची तपासणी, म्हणजे आमच्या भाषेत पीएसी, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) केली. कागदावर सगळं स्वच्छ. हिमोग्लोबिन ठीक, छाती साफ, आधी कधी भूल दिलेली नाही, घरात भुलेचा त्रास कुणाला नाही. सर्दी-खोकल्याच्या रकान्यात ‘नाही’. उपाशी ठेवण्याची सूचना नेहमीचीच, ‘रात्री १२ नंतर काही नाही’.

ही ओळ आमच्या वॉर्डात किती वर्षं आहे कोण जाणे. जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर किंवा वरच्या दुधानंतर सहा, आईच्या दुधानंतर चार, पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानंतर दोन, हे आमचा प्रत्येक रेसिडेंट झोपेत म्हणून दाखवेल. युरोपात तर मुलांना भुलेच्या एक तास आधीपर्यंत पाणी चालतं. पण वॉर्डात बाराचीच ओळ लिहिली जाते, कारण ती लिहायला सोपी आणि लिस्ट मागेपुढे झाली तरी कुणाला विचारावं लागत नाही. हा मुलगा लिस्टमध्ये तिसरा होता. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारात आला तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि जवळजवळ बारा तास त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता. दाराशी आईच्या कडेवरून मामांनी (वॉर्डबॉयना आम्ही मामा म्हणतो) त्याला घेतलं, तिथून टेबलापर्यंत तो ओरडत आला. रडणाऱ्या मुलाच्या घशात लाळ साठते, नाक भरतं. झोपेसाठी आधी काही औषध दिलेलं नव्हतं.

पाच मिनिटं

ओटीत दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट मास्कपाशी आणि पहिल्या वर्षाची रेसिडेंट हातापाशी. मी शेजारच्या ओटीत. तिथे तातडीचं सिझेरियन आलं होतं आणि तिथला लेक्चरर स्पायनल, म्हणजे कमरेतून भूल, देत होता. मी दारातून म्हणाले, “सुरू करा, मी येतेच.” माझी चूक ती हीच. त्या बाईला माझी गरज नव्हती, लेक्चरर पुरेसा होता. पण दोन खोल्यांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडे लक्ष ठेवायची आम्हा शिकवणाऱ्यांना सवय लागलेली असते, आणि बहुतेक दिवस ती निभावूनही जाते.

मुलगा सेवोफ्लुरेनवर, म्हणजे मास्कमधून हुंगवायच्या भुलेच्या औषधावर, झोपायला लागला. पापणीला बोट लावलं तर पापणी हलेना. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला वाटलं, झोपला. त्याने सेवोचा डायल ८ टक्क्यांवरून ४ वर आणला आणि ज्युनिअरला म्हणाला, “लाव लाईन.” म्हणजे शिरेत सलाईनची सुई. डोळ्यांच्या बाहुल्या तेव्हा मध्यावर आल्या नव्हत्या, एक इकडे तर एक तिकडे. श्वास एका लयीत नव्हता. ही भुलेची सर्वांत निसरडी पायरी. मूल झोपलेलं दिसतं, पण कुठेही टोचलं, ओढलं, किंवा घशात थेंबभर लाळ उतरली तरी स्वरयंत्र दार लावून घेतं.

तिने हाताच्या पाठीवर सुई टोचली. मुलाने हात ओढला, शीर फुटली. एकदा कोंबडा आरवावा तसा आवाज आला, मग काहीच आवाज नाही. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता, पोट वर येत होतं, छाती आत जात होती. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ सपाट. लॅरिंगोस्पाझम, म्हणजे स्वरयंत्र घट्ट मिटणं.

रेसिडेंटच्या हातात जेआर (जॅक्सन रीस) सर्किट होतं, म्हणजे मास्कला जोडलेली नळी आणि तिच्या टोकाला हाताने दाबायची, शेपूट उघडं असलेली बॅग. (पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटलाही आम्ही जेआर म्हणतो, म्हणून ‘जेआरच्या हातात जेआर’ हा आमच्याकडचा जुना विनोद. त्या दिवशी कुणाला तो आठवला नाही.) बॅग हलत नाही असं दिसल्यावर त्याने जे कुणीही घाबरलेला माणूस करेल तेच केलं. जोर लावून बॅग दाबली. हवा फुफ्फुसात जाईना, ती पोटात गेली. पोट फुगलं, छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला गेला, पुढचं काम आणखी अवघड झालं. त्याने पुन्हा दाबली.

मॉनिटरचा आवाज कमी केलेला होता. आधीच्या केसमध्ये कुणाला तरी तो त्रासदायक वाटला होता. पल्स ऑक्सिमीटरचा टिकटिक सूर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, घसरलं की खाली उतरत जातो. पाठ फिरवून औषध भरणाऱ्या भूलतज्ज्ञाचा कान त्यावरच असतो. इथे कानाला काही कळायची सोय राहिली नव्हती. आकडा ९८ वरून ९० व्हायला वेळ लागला, ९० वरून ७० व्हायला लागला नाही. बोटावरचा आकडा तसाही फुफ्फुसाच्या मागे असतो. तो ७० दाखवतो तेव्हा आतली स्थिती त्याहून वाईट झालेली असते.

दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने मला हाक मारली नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, “मॅडम, मला वाटलं होईल आत्ता. आत्ता सुटेल.” हाक मारली ती सिस्टरनी. त्यांनी कुणाला विचारलं नाही. दार उघडून ओरडल्या, “मॅडम, इकडे या, मूल निळं पडतंय!”

मी पोचले तेव्हा सॅच्युरेशन ५४ आणि नाडी ९६, उतरणीला लागलेली. सेवो बंद, १०० टक्के ऑक्सिजन. दोन्ही हातांनी जबडा पुढे, आणि मधली बोटं कानाच्या पाळीमागच्या खोबणीत, जबड्याचं हाड आणि कानामागचं हाड यांच्यामध्ये, आत आणि पुढे घट्ट दाबून. या दाबाबद्दल भूलतज्ज्ञ फिलिप लार्सन यांनी १९९८ मध्ये लिहिलं. त्याचा पुरावा मोठमोठ्या चाचण्यांचा नाही, पण वापरलेला माणूस तो सोडत नाही. मास्क चेहऱ्याला चिकटवला आणि बॅग दाबायला लावायच्या ऐवजी तिचं शेपूट धरायला लावलं, म्हणजे आत सतत हलका दाब राहील आणि फट पडली तर ऑक्सिजन त्याच फटीतून शिरेल. थोडं सुटल्यासारखं वाटलं, पण बॅग हलली नाही. नाडी ६८. ती ६० च्या खाली गेली असती तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी लागली असती.

शीर मिळालेली नव्हती. म्हणून स्कोलिन, स्नायू सैल पाडणारं औषध, मांडीच्या स्नायूत, किलोला ४ मिलिग्रॅम, म्हणजे ५२. कुपीत एका मिलीत ५० असतं, म्हणून साधारण एक मिली. अ‍ॅट्रोपिन किलोला ०.०२, म्हणजे ०.२६ मिलिग्रॅम. नाडी वाढवणारं हे औषध स्कोलिनसोबतच, कारण मुलांना स्कोलिनने नाडी आणखी उतरू शकते. हे मी इथे शांतपणे लिहिते आहे. तेव्हा ट्रेमध्ये मोठ्या माणसाच्या मात्रेच्या सिरिंजा भरून ठेवल्या होत्या आणि स्कोलिनची कुपी फ्रीजमध्ये होती. सिस्टर धावत गेल्या, आणली, भरली, दिली. अर्ध्या-पाऊण मिनिटात जबडा सैल पडला आणि बॅग हाताला मऊ लागली. सॅच्युरेशन ९० पार गेलं तेव्हा ओटीत कुणी बोलत नव्हतं. श्वासनलिकेत ४.५ ची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ट्यूब टाकली, पोटातली हवा नळीने काढली. पायावर दुसऱ्या प्रयत्नात लाईन मिळाली.

ऑपरेशन आम्ही केलं नाही. सर्जन नाराज झाले नाहीत, निदान समोर तरी नाही. मुलगा पूर्ण जागा होऊन रडायला लागेपर्यंत ट्यूब ठेवली. बंद दाराविरुद्ध जोराने श्वास ओढल्यावर काही वेळा फुफ्फुसात पाणी भरतं, म्हणून एक्स-रे काढला. तो स्वच्छ होता. रात्रभर ऑक्सिजनवर नजर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याने बिस्किटं मागितली.

आईने सांगितलं ते

आईवडिलांना मीच सांगितलं. भूल देताना श्वासाची वाट बंद झाली, ऑक्सिजन खूप कमी झाला, औषध देऊन ती उघडली, आज ऑपरेशन नाही. आणि हेही की मी तेव्हा त्याच्या डोक्याशी असायला हवी होते. वडील गप्प होते. आई म्हणाली, “सर्दीमुळं झालं का हो बाई?”

मग बाकीचं कळलं. आठ दिवसांपूर्वी ताप, नाक गळत होतं, रात्री घुरघुर. गावातल्या डॉक्टरकडून लाल औषध आणलं, तीन दिवसांत उतरलं. “विचारलं तवा होती का, नाय. मग नाय म्हनले.” आणि थोड्या वेळाने, नजर न उचलता, “रांगेत एका पोराचं सर्दीवरून कॅन्सल केलं. आम्हाला परत येनं परवडत नाय.”

ती खोटं बोलली नव्हती. रेसिडेंटने विचारलं होतं, ‘सर्दी-खोकला आहे का?’ प्रश्न आजचा होता, उत्तरही आजचंच मिळालं. श्वासनलिका मात्र ‘आज’च्या हिशेबाने चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रुग्णालयातल्या ९,२९७ मुलांचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात भुलेच्या काळात श्वासाची काही ना काही अडचण १५ टक्के मुलांना आली. सर्दीची लक्षणं भुलेच्या वेळी असली किंवा आधीच्या दोन आठवड्यांत होऊन गेली असली तर धोका वाढलेला दिसला. आमचा मुलगा आठव्या दिवसाचा.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हा शिकवणाऱ्यांना बोचणारी आहे. श्वासमार्ग शिकाऊ डॉक्टरऐवजी मुलांच्या भुलेतल्या अनुभवी तज्ज्ञाने सांभाळला तेव्हा अडचणी कमी झाल्या. पुढे २०१७ मध्ये युरोपातल्या ३३ देशांमधल्या २६१ रुग्णालयांनी मिळून ३१ हजारांहून अधिक भुलांची नोंद केली. गंभीर घटना ५.२ टक्के, आणि तिथेही लहान वय धोका वाढवणारं आणि अनुभव तो कमी करणारा निघाला. मग शिकाऊंनी शिकायचं कुठे? हात लावू दिला नाही तर अनुभव येत नाही, आणि लावू दिला तर अनुभव येईपर्यंतचा धोका कुणाच्या तरी पोराने सोसायचा. आपण सहसा हा धोका त्या पोराच्या अंगावर टाकतो ज्याच्या आईबापाला ‘मोठे डॉक्टर कुठे आहेत’ असं विचारायचं धाडस नसतं.

त्याला सगळं येत होतं

संध्याकाळी आम्ही सेमिनार रूममध्ये बसलो. मी, दोघं रेसिडेंट, सिस्टर आणि मामा. सिस्टर आणि मामांना बोलावलं याचं काही सहकाऱ्यांना नवल वाटलं. मला उलट हे वाटलं की आतापर्यंत कधी बोलावलं कसं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने महिनाभरापूर्वीच लॅरिंगोस्पाझमवर सेमिनार दिला होता, चांगला दिला होता. लार्सनची खोबण, मात्रा, क्रम, सगळं. लहान मूल इतकं भराभर निळं का पडतं हेही त्याने नीट सांगितलं होतं. किलोमागे ऑक्सिजनचा खर्च तान्ह्या बाळात मोठ्यांच्या दुपटीच्या घरात, आणि झोपेत फुफ्फुसातला साठा आणखी आटतो, म्हणजे खर्च जास्त आणि शिल्लक कमी. मी त्याला विचारलं, “बॅग हलत नाही म्हणजे नेमकं हाताला काय लागतं, हे तुला त्या आधी माहीत होतं का?” तो म्हणाला, “पाहिलं होतं मॅडम. हातात कधी नव्हतं.”

त्याचं लॉगबुक काढलं. मुलांच्या केसेस भरपूर. जवळजवळ प्रत्येकीसमोर ‘असिस्टेड’. असिस्टेड म्हणजे काय, तर लाईन लावली, औषधं भरली, नोंदी केल्या. मास्क सिनिअर धरतो. आणि सिनिअर व्हायच्या आदल्या दिवशीपर्यंत आपण तो धरलेला नसतो.

इथे सर्किटबद्दल थोडं विषयांतर. फिलिप आयर यांनी १९३७ मध्ये मुलांसाठी झडपा नसलेली टी-आकाराची साधी नळी आणली आणि १९५० मध्ये जॅक्सन रीस यांनी तिला शेपूट उघडं असलेली बॅग जोडली. आता बहुतेक ठिकाणी मशीनचं गोल सर्किट आणि व्हेंटिलेटर आहे, जेआर मागे पडतंय. मला ते मागे पडू नये असं वाटतं, आणि हा म्हातारीचा हट्ट नाही. त्या बॅगेत मुलाचा श्वास हाताला लागतो. मऊ आहे, कडक आहे, गळते आहे, फडफडते आहे. पण हे हाताला शिकवावं लागतं, आणि आम्ही ते तोंडाला शिकवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून काय केलं ते सांगते. मुलाच्या आकाराचा मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, आमच्याकडे नव्हता, मागितला तर खरेदीच्या फायलीला किती महिने लागतात ते ठाऊक होतं. मामांनी जांभळी नाक्यावरून एक मोठी प्लास्टिकची बाहुली आणली. तिला श्वास नाही की स्वरयंत्र नाही, पण टेबलावर कोण कुठे उभं राहतं, कोण फ्रीजकडे जातं, कोण घड्याळ पाहतं हे पाठ करायला तेवढी पुरते. बॅगेची गोष्ट वेगळी शिकवली. मास्कच्या जागी आपलाच तळवा ठेवून सर्किट बंद करायचं, कडक बॅग कशी लागते ते अनुभवायचं, मग बोटं थोडी उघडून गळती कशी लागते ते. डोळे मिटून. पोरं आधी हसली. मग सेमिनारवाला हसायचा थांबला आणि म्हणाला, “हे असंच होतं त्या दिवशी.”

वजनाचं कार्ड केलं. ‘वयाची दुप्पट अधिक आठ’ हे सूत्र लावलं असतं तर हा मुलगा १६ किलोचा भरला असता, काट्यावर तो १३ होता. आमच्याकडे येणाऱ्या पाड्यांवरच्या पोरांना ते सूत्र ढगळ कपड्यासारखं होतं. आता काट्यावरचंच वजन घ्यायचं, आणि त्या वजनाची स्कोलिन, अ‍ॅट्रोपिन, प्रोपोफॉलची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि मिलीमध्ये लिहून ट्रॉलीला चिकटवायची. मुलाला आत घेण्याआधी स्कोलिन भरून, नाव लिहून तयार. मॉनिटरचा आवाज कुणीही कमी करायचा नाही, सर्जननेही नाही.

सर्वांत जास्त वाद सिस्टरांच्या मुद्द्यावर झाला. त्या म्हणाल्या, “मी ओरडले, कारण मला नोकरीत वीस वर्षं झालीत. नवी असती तर ओरडली नसती.” म्हणून ठरलं की सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं की खोलीतलं कुणीही, मामासुद्धा, मला किंवा जवळच्या सिनिअरला बोलवेल, रेसिडेंटला न विचारता. एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की यामुळे रेसिडेंटचा अधिकार जातो. जाऊ दे. १८४८ च्या जानेवारीत क्लोरोफॉर्मने पहिला नोंदलेला मृत्यू झाला तो हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीचा, पायाच्या बोटाचं नख काढताना. ‘छोटी केस आहे, पोरं करतील’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले आहे याचा मी हिशेब करत नाही.

आणि माझ्यासाठी नियम असा की सहा वर्षांखालच्या मुलाला मास्क लागल्यापासून ट्यूब किंवा एलएमए (घशात बसवायचा श्वासाचा मास्क) बसून लाईन चालू होईपर्यंत शिकवणारा खोलीत, डोक्याच्या बाजूला, हात मोकळे. पण मास्क रेसिडेंटच्या हातात. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच पाळायला कठीण आहे. आकडा ९४ झाला की माझे हात आपोआप पुढे जातात. लिस्ट रोज वीसेक मिनिटं लांबते, त्यावर सर्जरीवाल्यांशी अजून कुरबुर चालू आहे.

पीएसीच्या कागदावर ‘सर्दी आहे का’ हा प्रश्न खोडला. त्याऐवजी: गेल्या पंधरा दिवसांत नाक गळलं का? रात्री घुरघुरला का? कुठून औषध आणलं का, बाटली आहे का? घरात कुणी विडी ओढतं का? आणि त्याखाली ठळक अक्षरात एक वाक्य, जे रेसिडेंटने मोठ्याने वाचून दाखवायचं: सर्दी होऊन गेली असली तरी तुमचा नंबर जाणार नाही, पुढची तारीख आजच लिहून देऊ. हे वाक्य खरं ठरावं म्हणून सर्जरीवाल्यांकडे दर आठवड्याला दोन जागा राखून घ्याव्या लागल्या. एवढं करायला सगळ्यात जास्त दिवस गेले.

चार आठवड्यांनी

मुलगा ऑगस्टमध्ये पुन्हा आला. आवणी उरकली होती. या वेळी वडिलांनी स्वतःहून सांगितलं की पोराला महिनाभर काही झालेलं नाही, आणि खिशातून कागद काढून तारीख दाखवली. सकाळी पहिला नंबर. साडेसहाला वॉर्डातल्या मावशींनी त्याला साखरेचं पाणी दिलं. साडेआठला तोंडातून गुंगीचं मिडाझोलॅम, किलोला अर्धा मिलिग्रॅम, सरबतात. कडू लागलंच, त्याने तोंड वाकडं केलं, पण नऊ वाजता मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून आत आला.

मास्क त्याच रेसिडेंटने धरला. मीच म्हटलं होतं. तो म्हणाला होता, “मॅडम, दुसऱ्या कुणाला द्या.” मी नाही म्हणाले. त्याच्या बाजूला उभी राहिले आणि हात पाठीमागे घेतले.

सेवो ८ वर. पापणी हलेना. पहिल्या वर्षाच्या मुलीने रबर बांधला, सुई उचलली.

“थांब,” तो म्हणाला. “बाहुल्या बघ.”

तिने वाकून पाहिलं आणि सुई खाली ठेवली. दारातून सर्जनने डोकावून किती वेळ म्हणून विचारलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. बॅग त्याच्या हातात एका लयीत भरत होती, रिकामी होत होती. दीडेक मिनिटाने तो म्हणाला, “आता लाव.”

एलएमए दोन नंबरची, कॉडलला (पाठीच्या तळाशी द्यायच्या सुन्न करणाऱ्या इंजेक्शनला) पाव टक्के ब्युपिव्हाकेन १० मिली, ऑपरेशन अर्ध्या तासाचं. ट्रॉलीवरची स्कोलिनची सिरिंज, वर ‘१३ किलो’ लिहिलेली, तशीच राहिली. लिस्ट संपल्यावर सिस्टरांनी ती फेकून दिली.